विशेष वर्गातलं बिलिंग

ही गोष्ट २०१६ सालची. तोवर माणसांच्या खिशात मोबाइल आले होते, मोबाइलमध्ये सिनेमे दिसत होते, आणि तरीही सह्यकाठ वीज कंपनीच्या सोलापूर केंद्रात एका थंडगार खोलीत कपाटाएवढं एक यंत्र बसलेलं होतं. त्याला मेनफ्रेम म्हणत. बाहेरच्यांना वाटे, असली यंत्रं कधीच भंगारात गेली. गेली नव्हती. गावोगावच्या घरांचं, उजनीकाठच्या पाण्याच्या मोटारींचं, चिंचोळीच्या कारखान्यांचं, सगळं बिल त्याच्याच पोटातून बाहेर पडे. सगळ्या कचेरीत एसी फक्त त्यालाच होता. साहेबांच्या केबिनला कूलर होता. यावरून यंत्राचा हुद्दा काय ते समजावं.

त्या यंत्राच्या कामांची व्यवस्था विजयमाला चंदनशिवे बघत. यंत्राला दिलेल्या प्रत्येक कामाला जॉब म्हणत. कुठला जॉब आधी, कुठला मागून, कोणी यंत्राची किती ताकद खायची, हे ठरवणं म्हणजे त्यांची नोकरी. सासूबाईंनी, म्हणजे नागूबाईंनी, एकदा विचारलं होतं, "म्हंजी तू त्ये कॉम्पुटर चालवतीस का?"

"चालवत न्हाय, आत्या. त्याच्या दारात हुबी ऱ्हाऊन रांग लावते."

"म्हंजी पोलिसाचंच काम की," नागूबाई म्हणाल्या, आणि तेव्हापासून शेजारच्या मायाक्काला त्या तसंच सांगत.

रांगेची गरज अशी की यंत्राची ताकद जेवढी वापराल तेवढं भाडं यंत्र बनवणाऱ्या कंपनीला द्यावं लागे. म्हणून पुण्याच्या मुख्यालयानं वापराला वरून मर्यादेची टोपी घातली होती. वापर टोपीला टेकला, की यंत्र आपोआप सगळ्यांनाच हळू करी. बिलिंग दिवसाच चाले, कारण रात्री त्या भागातली वीज जाई आणि जनरेटरच्या डिझेलला मंजुरी नव्हती. वीज कंपनीच्या कचेरीतली वीज गेली तर तक्रार कुठं करायची, हे कोणी ठरवलेलं नव्हतं.

जॉबचे चार वर्ग होते. ए, बी, सी आणि डी. ए म्हणजे तातडीचा, डी म्हणजे सावकाशीचा. बँकेत असतात तशा प्रत्येक वर्गाला ठरावीक खिडक्या. खिडकी मोकळी झाली की रांगेतला पुढचा जॉब आत. व्यवस्था चांगली होती, फक्त बी, सी आणि डी मध्ये जायला कोणी तयार नव्हतं. सगळी कचेरी ए मध्ये उभी. डी ची खिडकी दिवसभर रिकामी. तिथं कोणी गेलं असतं तर चहा निवायच्या आत काम झालं असतं, पण माझं काम डी वर्गात आहे, असं चारचौघांत सांगायचं कोणी?

केंद्राचे प्रमुख हिंदुराव घाडगे रोज जिल्ह्यातल्या सगळ्या ट्रान्सफॉर्मरचा तक्ता छापून मागवत. ट्रान्सफॉर्मर काही जागचे हलत नाहीत, त्यामुळं कालचा तक्ता आणि आजचा तक्ता यांत तारखेचाच फरक असे. पण सकाळी टेबलावर तो जाडजूड गठ्ठा दिसला की हिंदुरावांना बरं वाटे. वीजगळतीचे आकडे बघणारे शरणप्पा अक्कलकोटचे. त्यांचा जॉब दहा वर्षांची गळती रोज पहिल्यापासून मोजे, कारण काल आलेल्या उत्तरावर त्यांचा विश्वास नसे. आणि भांडार विभागाचे धनाजी एकच जॉब तीनदा टाकत.

"तीनदा कशाला हो, धनाजीराव?" विजयमालाबाई विचारत.

"मॅडम, लग्नाला बोलवताना एकदा सांगून कोण येतंय का? पत्रिका द्यायची, फोन करायचा, परत घरला जायचं."

या गर्दीत महिन्याचं बिलिंग, ज्याच्यासाठी यंत्र घेतलं होतं, ते शेपटाला अडकून बसे. विजयमालाबाईंनी एकदा शरणप्पांचा जॉब गुपचूप डी मध्ये सरकवला. तो पूर्वी कधी नव्हे इतक्या लवकर संपला. शरणप्पा त्याच दिवशी हिंदुरावांकडे तक्रार घेऊन गेले. उत्तर लवकर आलं, याबद्दल त्यांचं काही म्हणणं नव्हतं. कागदावर डी छापलं होतं.

ओळीनं तीन महिने बिलं उशिरा गेली आणि पुण्याहून पत्र आलं. या महिन्याचं बिलिंग एका दिवसात, कचेरी सुटायच्या आत संपलं नाही, तर सोलापूरचं यंत्र बंद होईल, काम हैदराबादला जाईल, आणि कर्मचाऱ्यांना जिथं जागा असेल तिथं सामावून घेतलं जाईल. विजयमालाबाईंच्या नावापुढं नंदुरबार होतं.

नंदुरबारचा त्यांना राग नव्हता. त्या कधी तिकडं गेल्याही नव्हत्या. अडचण नागूबाईंची होती. नागूबाईंना दिसत नव्हतं, पण दिसत नाही हे बाहेरच्या माणसाला पटकन कळत नसे, कारण घर त्यांच्या हाताला पाठ होतं. चुलीपासून मोरी, मोरीपासून दार, दारापासून मायाक्काचा ओटा. ईश्वर, म्हणजे नागूबाईंचा मुलगा आणि विजयमालाबाईंचे यजमान, होटगी स्टेशनात नोकरीला होते. ते जाऊन बरीच वर्षं झाली होती. नातू सुमित बेंगळुरूला. दोघीच घरात. एकदा उन्हाळ्यात सुमितकडं गेल्या होत्या, तर नागूबाई आठ दिवस खाटेवरून उतरल्या नाहीत. परत आल्यावर उंबऱ्याला हात लागताच म्हणाल्या, "आता दिसाय लागलं."

पत्राचं घरी सांगितलं तेव्हा नागूबाईंनी एवढंच विचारलं, "तितं भिंती कुटं कुटं हायत्या?"

विजयमालाबाईंनी पत्राची घडी घालून ते पिशवीत ठेवलं.

त्याच आठवड्यात गल्लीतल्या एका मुलीचं लग्न होतं, विजापूर रोडच्या मंगल कार्यालयात. विजयमालाबाई कचेरीत मोठ्या हुद्द्यावर, म्हणून आयोजकांनी त्यांना हाताला धरून पुढं सोफ्यावर नेऊन बसवलं. नागूबाई मायाक्काबरोबर मागं, पंख्याखाली. बुद्धवंदना झाली, हार घातले गेले, आणि माइकवाल्यानं सत्काराची नावं घ्यायला सुरुवात केली. एकेकाला फेटा, शाल, गुच्छ, फोटो. सोफ्यावरच्या माणसांना उठता येत नव्हतं. कधी आपलं नाव येईल सांगता येत नव्हतं आणि आल्यावर जागेवर नसणं बरं दिसलं नसतं. मागची माणसं सरळ पंगतीला गेली. विजयमालाबाई शाल घेऊन जेवायच्या ठिकाणी पोचल्या, तेव्हा जिलेबी संपली होती आणि वाढपी हात धूत होते.

रिक्षात नागूबाई ढेकर देऊन म्हणाल्या, "लई झ्याक झालं जेवाण. तू जेवलीस का न्हाय?"

"भात हुता थोडा."

"सोप्यावर बसीवलं की माणूस हलत न्हाय बग. उपाशी मरंल, पर हासत बसंल. ईश्वरचा बाप म्हनायचा, मला मागंच बसवा, हितनं ताट दिसतंय."

विजयमालाबाई हसल्या. मग हसायच्या थांबल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी एक परिपत्रक टाइप केलं आणि सहीसाठी हिंदुरावांपुढं ठेवलं. हिंदुरावांनी चष्मा लावून वाचलं.

"विशेष वर्ग. ह्यो ए च्या वर का, बाई?"

"वेगळाच आहे, साहेब. ए-बी-सी-डी च्या रांगेत बसत नाही."

"आन् कुणाला मिळणार?"

"तुमची शिफारस असेल त्यालाच. आणि एकदा जॉब विशेष वर्गात गेला, की तुमच्या पासवर्डशिवाय बाहेर निघणार नाही. मला काढायचा म्हटला तरी निघणार नाही."

हिंदुरावांनी चष्मा काढून पुसला. इतक्या वर्षांच्या नोकरीत असा अधिकार त्यांना कोणी दिला नव्हता.

"शेवटी हे काय लिवलंय? 'या वर्गातील कामे यंत्राला अन्य कामांतून सवड मिळाल्यावर एकेक करून करण्यात येतील.'"

"हो, साहेब. तसंच होईल."

"म्हंजी आपल्यासाठी सवड काढणार. एकेकाकडं जातीनं बघणार. बरोबर हाय." त्यांनी हिरव्या शाईनं सही केली.

विजयमालाबाईंनी जसं लिहिलं होतं तसंच केलं. विशेष वर्गाला एकच खिडकी ठेवली, यंत्राची अगदी थोडी ताकद दिली, आणि क्रम सगळ्यांत शेवटचा लावला. मात्र त्यातून निघणाऱ्या प्रत्येक कागदावर पहिल्या पानभर मोठ्या अक्षरात 'विशेष वर्ग' आणि खाली अधिकाऱ्याचं पूर्ण नाव छापलं जाई.

आठवडाभरात कचेरीतलं एकही मोठं माणूस ए मध्ये उरलं नाही. शिफारशीसाठी हिंदुरावांच्या केबिनबाहेर लोक थांबू लागले. धनाजींनी आपलं पहिलं पान टेबलाच्या काचेखाली ठेवलं. शरणप्पा पान घरी घेऊन गेले. "हौद री मॅडम," ते आपल्या कानडीत होकार देऊन म्हणाले, "आता कसं शोभतंय बघा." कामं मात्र दिवसभर पडून राहत आणि संध्याकाळी, यंत्राला सवड झाली की, हळूहळू होत. सकाळी कागद टेबलावर असत. पूर्वीही सकाळीच असत. कोणाला फरक कळला नाही, कारण त्या कागदांची सकाळच्या आधी कधीच कोणाला गरज नव्हती.

खरं काय ते विजयमालाबाईंशिवाय एका चैतालीला ठाऊक होतं. चैताली येमुल यंत्राच्या खोलीत पडद्यासमोर बसे. साखर पेठेतली, घरात तेलुगू बोलणारी, हसणं दाबताना तिचे कान लाल होत.

"मॅडम, कोणाला कळलं तर?"

"परिपत्रकात लिहिलंय की. वाचतील तर कळेल."

बिलिंग ए मध्येच ठेवलं होतं. रिकाम्या रस्त्यावरून जावं तसं ते सरावात झरझर गेलं, आणि विजयमालाबाईंनी घरी येऊन नागूबाईंना सांगितलं की बहुतेक जावं लागणार नाही. नागूबाई म्हणाल्या, बहुतेक म्हणजे कळलं नाही.

बिलिंगचा दिवस उजाडला आणि नेमकं त्याच सकाळी चार दिवसांनी नळाला पाणी आलं. पाणी भरल्याशिवाय सोलापुरात कोणी घराबाहेर पडत नाही, मग यंत्र बंद पडो नाही तर राज्य बुडो. पिंप, घागरी, बादल्या भरून विजयमालाबाई कचेरीत पोचल्या, तेव्हा पुण्याहून आलेले शिवयोगी हिरेमठ यंत्राच्या खोलीत खुर्ची टाकून बसलेले होते. बिलिंग वेळेत होतं की नाही हे डोळ्यांनी बघून मुख्यालयाला कळवायला त्यांना पाठवलं होतं. अंगावर शाल होती, कारण एसीची त्यांना सवय नव्हती. शेजारी हिंदुराव, कपाळाला गंध लावून.

चैतालीचे कान लाल नव्हते. पांढरे पडले होते.

"मॅडम, साहेबांनी नारळ फोडला," ती हळूच म्हणाली.

"चांगलं केलं."

"आणि बिलिंग विशेष वर्गात टाकलं."

विजयमालाबाईंनी पडद्याकडं पाहिलं. साहेबांचा तक्ता होऊन गेला होता. शरणप्पांची दहा वर्षांची गळती चालू होती. तिच्यामागं धनाजींचे तीन जॉब, त्यांच्यामागं इतर विशेष मंडळी, आणि शेवटी, सगळ्यांत शेवटी, सगळ्या जिल्ह्याचं बिलिंग. ए वर्गात चिटपाखरू नव्हतं.

"तू काही बोलली नाहीस?"

"साहेबांना नाही कसं म्हणायचं, मॅडम? म्हणाले, आज एवढा मोठा दिवस, आणि आपलं बिलिंग साध्या वर्गात? पाहुण्यांसमोर शोभेल का?"

विजयमालाबाई हिंदुरावांजवळ गेल्या. "साहेब, बिलिंग परत ए मध्ये आणू या. तुमचा पासवर्ड टाकता का?"

"का बरं?"

"तिकडं मोकळं आहे."

"मोकळं असणारच की. चांगली मान्सं हिकडं आल्यात." हिंदुराव शिवयोगींकडं वळले. "साहेब, ह्या आमच्या चंदनशिवेबाई. विशेष वर्ग ह्यांचीच कल्पना. पर लई भिडस्त. सोताचं काम पुढं घालायचं म्हटलं की लाजत्यात."

शिवयोगींनी मान हलवली. विजयमालाबाई परत आपल्या खुर्चीवर आल्या. थोड्या वेळानं पुन्हा गेल्या. या वेळी हिंदुरावांनी त्यांच्यासाठीही चहा मागवला. तिसऱ्यांदा गेल्या तेव्हा डबे उघडले होते, हिंदुराव पाहुण्यांना कडक भाकरी मोडून शेंगाचटणी वाढत होते, आणि पासवर्ड हा शब्द निघताच म्हणाले, "जेवताना कामाचं बोलू न्हाई, बाई. बसा, तुमीबी घ्या."

पडद्यावर शरणप्पांची गळती सहाव्या वर्षात आली होती.

विजयमालाबाईंनी भाकरीचा तुकडा हातात घेतला आणि तसाच ठेवला. नागूबाईंचे तळहात त्यांना दिसत होते, कुठल्या तरी परक्या घरात, भिंत शोधणारे. साहेबांचा अपमान एकीकडं आणि ते तळहात एकीकडं. त्यांनी पदर खोचला आणि उभ्या राहूनच बोलल्या.

"साहेब, विशेष वर्ग सगळ्यांत शेवटी चालतो. त्याला एकच खिडकी आहे. मीच तसं ठेवलंय. मोठ्या माणसांची कामं रांगेतून बाजूला व्हावीत म्हणून. बिलिंग तिथं राहिलं तर उद्यापर्यंतसुद्धा होणार नाही."

शिवयोगींचा घास हातातच होता. चैताली कीबोर्डकडं बघत बसली.

"सगळ्यात शेवटी," हिंदुराव म्हणाले.

"हो, साहेब."

"परिपत्रकात तसं न्हवतं."

"होतं, साहेब. सवड मिळाल्यावर, एकेक करून."

हिंदुरावांनी ते वाक्य मनात पुन्हा वाचलं असावं. त्यांचे ओठ हलले. मग त्यांनी यंत्राकडं पाहिलं, घरच्या बैलानं शिंग उगारल्यावर बघावं तसं.

"आन् माजा तक्ता?"

"तोही शेवटच्या रांगेतच."

"आन् शरणप्पा?"

"तुमच्या मागं."

"आज?"

"रोज, साहेब. विशेष वर्गात तुमचा पहिला नंबर मी कायमचा लावून ठेवलाय."

"धनाजी?"

"शरणप्पांच्याही मागं. तीनही वेळा."

हिंदुरावांनी हात धुतले, रुमालाला पुसले. "मग ठीक हाय," ते म्हणाले. "सरका. पासवर्ड टाकायचाय. तिकडं तोंडं करा सगळ्यांनी."

सगळ्यांनी भिंतीकडं तोंडं केली. पुण्याहून आलेल्या शिवयोगींनीसुद्धा शाल सावरून भिंतीकडं तोंड केलं. मागून एका बोटानं टाइप केल्याचा आवाज येत होता. मध्येच थांबला. "कॅपिटल कसं करायचं गं, पोरी?" चैतालीनं भिंतीकडं बघतच सांगितलं. पुन्हा आवाज आला, मग हिंदुराव म्हणाले, "झालं. वळा."

बिलिंग ए मध्ये आलं आणि लगेच खिडकीत गेलं. चैतालीनं घड्याळाकडं पाहिलं. "मॅडम, अर्धा दिवस गेला. टोपीमुळं यंत्र जोरात चालणारच नाही. कसं होणार?"

विजयमालाबाई वापराचा आलेख बघत होत्या. त्यांनी दोनदा पाहिला. टोपी होती ती त्या घटकेच्या वापरावर नव्हती. मागच्या चार तासांच्या सरासरीवर होती. एरवी सकाळपासून यंत्र सगळ्यांच्या कामात दमलेलं असे, म्हणून दुपारी टोपीला टेके. आज सकाळपासून विशेष वर्गाची एकच बारीक खिडकी चालू होती. यंत्र जवळजवळ उपाशी होतं. सरासरी तळाला गेली होती, आणि आता त्याला कितीही खाऊ दिलं तरी ती संध्याकाळच्या आत वर यायची नव्हती.

"होईल," त्या म्हणाल्या. "साहेबांनी सकाळी टाकलं ते बरंच झालं."

हे त्यांनी हिंदुरावांना खूश करायला म्हटलं नव्हतं, पण हिंदुराव खूश झाले. "मला वाटलंच हुतं," ते शिवयोगींना म्हणाले.

यंत्र त्या दुपारी असं चाललं की तसं चाललेलं चैतालीनं कधी पाहिलं नव्हतं. एकेक तालुका येई आणि संपे. शरणप्पा काय झालं ते बघायला दारात येऊन उभे राहिले; आपली गळती थांबलीय का, असं त्यांनी विचारलं. हिंदुराव म्हणाले, "थांबली न्हाय. सवड मिळाल्यावर हुईल," आणि त्यांनी इतक्या समाधानानं हे सांगितलं की शरणप्पांचंही समाधान झालं. चपराशी कचेरीच्या खिडक्या लावायला लागला त्याच्या बऱ्याच आधी शेवटचं बिल निघालं.

शिवयोगी उठले, शाल काढून घडी केली आणि विजयमालाबाईंना बाजूला घेऊन हळू आवाजात विचारलं, "मॅडम, त्या विशेष वर्गात जास्तीत जास्त किती लोक मावतात?"

"कितीही मावतात, साहेब."

शिवयोगींनी ते लिहून घेतलं.

त्या दिवशी विजयमालाबाई घरी आल्या, तेव्हा नागूबाई मायाक्काच्या ओट्यावर होत्या. सुनेची चप्पल ओळखून त्यांनी विचारलं, "काय ठरलं मग?"

"हितंच ऱ्हायचं, आत्या."

"मग दळान टाकून ये," नागूबाई म्हणाल्या. "डबा भरून ठिवलाय. जायचं का ऱ्हायचं कळंना, म्हनून दिला नव्हता."

पुढं सगळ्यांचं काय झालं ते सांगायला हवं. शिवयोगी हिरेमठ पुण्याला परतले आणि वर्षभरात मुख्यालयात विशेष वर्ग सुरू झाला. त्याचे पहिले सभासद कंपनीचे कार्यकारी संचालक होते. शिवयोगींना बढती मिळाली. ते आता निवृत्त होऊन विजापूरला असतात. हिंदुराव त्या बिलिंगनंतर दुसऱ्या वर्षी निवृत्त झाले. उजनीच्या काठाला त्यांची केळीची बाग आहे, आणि बागेत मोटार आहे. तिचं बिल जास्त येतं, असं त्यांचं म्हणणं. शरणप्पांची दहा वर्षांची गळती बारा वर्षांची झाली तेव्हा त्यांची बदली लातूरला झाली; तिथं मेनफ्रेम नव्हतं, म्हणून त्यांनी कागदावर मोजायला सुरुवात केली आणि, असं म्हणतात, उत्तर निराळं आलं. धनाजी करोनात गेले. त्यांच्या कामावरच्या निष्ठेबद्दल कोणी कधी शंका घेतली नाही. चैतालीनं नोकरी सोडली. ती हैदराबादला एका परदेशी बँकेचं मेनफ्रेम सांभाळते आणि तिला विजयमालाबाईंना होता त्याच्या दुप्पट पगार आहे. दिवाळीला फोन करते.

यंत्र २०२२ मध्ये बंद झालं. ते न्यायला ट्रक आला तेव्हा दारातून निघेना, म्हणून चौकट तोडावी लागली. ती खोली आता भांडाराची आहे आणि एसी काढलेला आहे.

नागूबाई २०१९ च्या हिवाळ्यात घरातच गेल्या, दुपारी, मायाक्काशी बोलता बोलता. विजयमालाबाई पुढच्या वर्षी निवृत्त झाल्या आणि थोड्या दिवसांनी सुमितकडं बेंगळुरूला राहायला गेल्या. सोलापूरचं घर भाड्यानं दिलं आहे. भाडेकरू चांगले आहेत. मोरीची जागा बदलून ती मागच्या बाजूला घेऊ का, असं त्यांनी मध्ये फोनवर विचारलं होतं. विजयमालाबाईंनी जरा विचार केला आणि घ्या म्हणाल्या.